गलबतावरच्या भटजीला काम काय द्यावं?

शिडाची सावली

नमस्कार मंडळी,

पावसाळ्यापासून एक दर्यावर्दी अद्भुतकथा लिहितोय. काळ कान्होजी आंग्र्यांच्या नंतरचा, म्हणजे १७२९ च्या पुढचा. किनारा आपलाच, पण नकाशात थोडी भर घातली आहे. रेवदंडा ते देवगडच्या दरम्यान एक बेट आहे, ते फक्त अमावस्येच्या ओहोटीला वर येतं. तीन डोलकाठ्यांची एक गुराब (मोठं लढाऊ जहाज) आहे. तिच्यावरची माणसं कुठल्याच आरमाराची नाहीत. कुणी आंग्र्यांकडून पळालेला, कुणी सिद्दीकडून, कुणी फिरंग्यांच्या कैदेतून सुटलेला. नाखवा, म्हणजे गुराबीचा कप्तान, त्या बेटाच्या मागे लागलाय.

या गुराबीवर एक भटजी आहे. माझ्या मनात तो पहिल्या दिवसापासून आहे, पण कागदावर नुसता बसून राहतो. वादळ आलं की मंत्र म्हणतो, तोफ उडाली की कान झाकतो, जेवायला वेगळा बसतो. कच्चा खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने स्वच्छ सांगितलं, हा काढून टाकलास तरी गोष्टीचं काही अडत नाही. मला मात्र तो काढायचा नाही. विलायती चाचेकथांत जहाजावरचा पाद्री बहुतेक वेळा भित्रा किंवा दारुडा असतो, हसण्यासाठी ठेवलेला. आपल्या भटजीचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

तर प्रश्न दोन. आपल्याकडच्या गुराबी-गलबतांवर असा माणूस असायचा का? आणि त्याच्याशिवाय गुराबीचं अडेल असं कोणतं काम त्याला देता येईल? पात्र दुय्यमच राहायला हवं, हे लक्षात घ्या.

अलिबागचा पांढरा कांदा

काम सोपं आहे. नारळ मोजायचे! दर्याला वाहायचे किती आणि कालवणात गेले किती, याचा हिशोब भटजीकडे. पहिल्या प्रकरणातच भांडण लागेल.

जुना रत्नागिरीकर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नेमणूक म्हणून नाही. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हा पतनाच्या कारणांत सांगितलाय. दर्याशी ज्यांचा रोजचा संबंध होता ते भंडारी, गाबीत, कोळी, खारवी आणि दालदी (मुसलमान मच्छीमार). आरमार त्यांचं. ब्राह्मण होते, पण किनाऱ्यावर: कारकून, हिशेबनीस, पुरोहित. सिंधुदुर्गाचंच उदाहरण घ्या. २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली, ती जानभट अभ्यंकरांनी सांगितली. पूजा जमिनीवर, किल्ला पाण्यात.

आंग्र्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामीही जमिनीवरच. ते चिपळूणजवळ परशुरामला राहायचे. १७२७ मध्ये सिद्दी साताने तिथलं परशुरामाचं देऊळ फोडलं आणि स्वामी घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला गेले. आंग्रे, पेशवे सगळे त्यांच्या शब्दाला मान देत, कर्ज घेत, पत्रं लिहीत. पण स्वामी स्वतः गुराबीवर उभे राहून लढाईला निघालेत असं चित्र काही उभं राहत नाही.

आता जागेचा विचार करा. तीन डोलकाठ्यांची गुराब म्हणजे साधारण ३०० टन, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत. नाळेवर पुढे तोंड केलेल्या दोन तोफा, दोन्ही अंगांना आणखी. सोबतची गलबतं ७० टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की हीच गलबतं गुराबीला दोर लावून ओढत. अशा गर्दीत सोवळं नेसून बसायला कोपरा कुठला? म्हणून माझं मत असं की तुमचा भटजी गावाने टाकलेलाच असणार. त्याला परत घेणारं घर नाही, म्हणून तो दर्यावर आहे. हे ठरवलंत की अर्धं पात्र उभं राहील.

दापोलीची सई

रत्नागिरीकर काका, एका गोष्टीवर असहमत. किनारा धरून जाणं आणि समुद्र ओलांडणं यात लोक फरक करत होते. आगबोटी येण्याच्या आधीही कोकणातले ब्राह्मण मचव्यातून, पडावातून मुंबईला जात-येत होते. हर्णै, दाभोळ, बाणकोट, सगळीकडची ये-जा पाण्यातूनच. घाट चढून जाण्यापेक्षा तेच जवळ. त्यासाठी कुणाला वाळीत टाकलेलं नाही. तेव्हा नुसतं गुराबीवर पाऊल ठेवलं म्हणून भटजी बाटला असं दाखवू नका, फार ढोबळ होईल. किनारा नजरेआड होतो ती वेळ मात्र महत्त्वाची. त्या क्षणी त्याला काय वाटतं ते लिहा.

जुना रत्नागिरीकर

मुद्दा रास्त आहे. मग त्यावर एक जोडतो, बघा उपयोगी पडतंय का. कुठल्याही विधीच्या आधी संकल्प. संकल्पात आपण कुठे आहोत ते सांगावं लागतं. दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, वगैरे. किनारा दिसेनासा झाल्यावर भटजीने काय म्हणायचं? कोकणची भूमी परशुरामाने बाण मारून समुद्राकडून घेतली अशी आपली कथा. त्या बाणाच्या पलीकडे तो उभा आहे. तिथे क्षेत्र नाही, नदी नाही, तीर नाही. संकल्प तिथेच अडतो.

शिडाची सावली

काका, हे तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. ते बेट तर कुठल्याच पोथीत नाही!

तिरपा वारा

विषयाला सोडून आहे, पण राहवत नाही. आंग्र्यांच्या काळावर लिहिताना 'चाचे' कशाला? कान्होजी सरखेल (आरमारप्रमुख) होते, छत्रपतींचे. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने दस्तक (परवाना) घ्यावं हा त्यांचा हक्क होता. फिरंगी (पोर्तुगीज) असाच परवाना, कार्ताज, देत होते तेव्हा त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. इंग्रजांनी लावलेली शिवी आपण मिरवू नये.

शिडाची सावली

तिरपा वारा, तुमच्याशी पूर्ण सहमत. म्हणूनच माझी मंडळी आंग्र्यांची नाहीत. ती खरोखरच कुणाचीच नाहीत, आणि कथेत आंग्र्यांची गलबतं त्यांच्या पाठलागावर आहेत.

वसईची वाट

आमच्याकडचा पाद्रीही जरा विचारात घ्या. पोर्तुगीज जहाजांवर पाद्री असायचेच, आणि लिस्बनहून गोव्याचा प्रवास काही सुखाचा नव्हता. फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ ला निघाले ते ६ मे १५४२ ला गोव्यात पोचले. मध्ये मोझांबिकला मुक्काम पडला. वाटेत आजारी खलाशांची सेवा, त्यांचे कपडे धुणं, मरणाऱ्यापाशी बसणं हेच त्यांचं काम. हिरड्या सुजून माणसं मरायची. प्रवचनाला कितीजण थांबत असतील देव जाणे, पण रुग्णाजवळ बसणारा माणूस सगळ्यांना हवा असतो.

दुसरे फादर स्टीफन्स. इंग्रज माणूस, १५७९ मध्ये पोर्तुगीज जहाजातून गोव्याला आला. पोचल्यावर वडिलांना पत्र लिहून त्याने सगळा प्रवास सांगितला: वारे, मासे, आजार, दिशा कशी ओळखतात ते. पुढे हाच माणूस गोव्यातल्या साष्टीत राहून मराठी शिकला आणि त्याने ख्रिस्तपुराण ओव्यांत रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. विचार करा, तुमच्या गुराबीवर एखादा पकडलेला पाद्री आहे आणि त्याला ओवी येते! रात्री सुकाणूपाशी बसून तो आणि भटजी ओव्या म्हणतायत. एकाचा देव वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, मराठी एकच. मी असं पान आनंदाने वाचेन.

वसई १७३९ ला पडली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच, अजून आहे. आम्हा वसईकरांना त्याचं दुःख आहे आणि ती अजून वाजते याचा आनंदही आहे. तुमच्या गुराबीवर अशी एखादी घंटा असू द्या. तिची राखण कोणी करायची, यावरून दोघांना एकमेकांशी बोलावंच लागेल.

अलिबागचा पांढरा कांदा

एका गुराबीवर भटजी आणि पाद्री दोघे? नाखवा स्वतःच पाण्यात उडी मारेल.

धोपटमार्ग

मी दुसऱ्या बाजूने येतो. विलायती इतिहासातही जहाजावरचा पाद्री नुसता हसण्याचा विषय नव्हता. तीन गोष्टी सांगतो, त्यातून तुमच्या प्रश्नाचं उत्तर निघतंय का बघा.

इंग्रज दर्यावर्दी ड्रेक पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तेव्हा त्याच्या जहाजावर फ्रान्सिस फ्लेचर नावाचा पाद्री होता. वाटेत ड्रेकने डाउटी नावाच्या सोबत्याचं डोकं उडवलं होतं. पुढे जानेवारी १५८० मध्ये सेलेबीसजवळ जहाज खडकावर चढलं. सगळे मरणार असं दिसत असताना फ्लेचरने प्रवचनात सुचवलं की हे त्या खुनाचं फळ आहे. जहाज सुटलं. ड्रेकने फ्लेचरला पायात साखळी घालून डेकवर बांधला आणि स्वतःच त्याला धर्मबाह्य ठरवलं. कप्तानाने पाद्र्याला बहिष्कृत केलं! त्या सबंध प्रवासात फ्लेचर इतर वेळी काय करत होता ते कुणाला आठवत नाही, हा प्रसंग मात्र विसरत नाही. सगळ्यांच्या मनातलं एक वाक्य तो मोठ्याने बोलला, बस.

दुसरी गोष्ट खऱ्या चाच्यांची. १७२१ मध्ये बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या टोळीने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक जहाज धरलं. त्यावर एक पाद्री होता. टोळीने त्याला आग्रह केला, आमच्याकडे राहा, लुटीतला वाटा देतो, काम काय तर प्रार्थना म्हणायची आणि मद्याचं मिश्रण करायचं. तो नाही म्हणाला. त्यांनी त्याला सोडून दिलं, त्याचं सामानही परत केलं. ठेवून घेतली ती फक्त तीन प्रार्थनापुस्तकं आणि बुचं काढायचा एक स्क्रू. चाच्यांनाही पाद्री हवा होता, ही गोष्ट नीट पाहा. का हवा असेल?

तिसरं, पगार. इंग्रज आरमारात सतराव्या शतकात पाद्र्यासाठी दर खलाशाच्या पगारातून महिन्याला चार पेन्स कापले जात. म्हणजे त्याला पोसायचे खलाशी. तुमच्या भटजीला कोण पोसतं? लुटीत त्याचा वाटा आहे का? तो घेतो का? लुटीचं सोनं दक्षिणा म्हणून चालतं का? यावर दोन ओळी लिहिल्यात तरी माणूस उभा राहील.

गाबीतवाड्यातली

सगळा वाचलंय. बाबांनो, तुमी भटजी-पाद्री करतास, पण होडयेर भटजीक घेता कोण? आमच्याकडे गाऱ्हाणा घालूक तांडेल (होडयेचो म्होरक्यो) पुरे.

(संपादक मालवणीवर रागावतात म्हणून पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहिते.) नवीन होडी पाण्यात ढकलताना, नारळी पुनवेला, हंगामाच्या पहिल्या दिवशी गाऱ्हाणं होतं. घालणारा एक, साथ द्यायला सगळे. तो देवाशी मोठ्याने बोलतो, मागतो, भांडतो, नावं घेऊन सांगतो. आणि प्रत्येक वाक्यावर बाकीच्यांनी एका आवाजात होकार द्यायचा. असं:

बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा वेशीच्या देवा, आज ही लेकरां तुझ्या पायाकडे उभी हत रे म्हाराजा!
— होय म्हाराजा!
ह्यांच्यातलो कोण चुकलो असात, कोणाच्या तोंडातून वावगा इला असात, ता पोटात घाल रे म्हाराजा!
— होय म्हाराजा!
आडो इलो तेका आडो कर, उभो इलो तेका उभो कर, आणि गेले तितके परत हाड रे म्हाराजा!
— होय म्हाराजा!

हे कानाने ऐकल्याशिवाय त्यातला जोर कळायचा नाही. शेवटचा होकार पडतो तेव्हा अंगावर काटा येतो. यात संस्कृत नाही, संकल्प नाही, कुठलं क्षेत्र नाही. दर्या सगळ्यांचं ऐकतो. सावली, तुमच्या गुराबीवर गाबीत, भंडारी, दालदी असतील तर ती माणसं वादळात तुमच्या भटजीकडे बघणारच नाहीत. ती गाऱ्हाणं घालणाऱ्याकडे बघतील. मग भटजीच्या हातात काय उरतं, ते आधी ठरवा.

हिरवा दिवा

मी मालवाहू जहाजांवर नोकरी केली. ताईंचं म्हणणं पटलं. आजही जहाजावर पुजारी नसतो, पण देवाचा फोटो असतो, आणि बहुधा एखादा सारंग (खलाशांचा मुकादम) किंवा इंजिनमधला वयस्कर माणूस आपणहून रोज उदबत्ती लावतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं. तो सुटीवर उतरला की दुसरा कुणीतरी ते काम उचलतो. एकदा आमच्या जहाजावर कुणाच्या घरी मृत्यू झाल्याचा निरोप आला. मुलगा आठवडाभर जमिनीवर उतरू शकत नव्हता. तेव्हा त्याच माणसाने त्याला बादलीभर पाण्याने आंघोळ घातली, शेजारी बसून राहिला, जेवू घातलं. शास्त्र त्याला काही येत नव्हतं.

दर्यावर माणूस गेला की जमिनीवरचे सगळे नियम वाकतात. तुमच्या भटजीचं काम तिथे शोधा, मरणापाशी.

मुंजाबा

अद्भुतकथा आहे म्हणता आणि अजून एकानेही गिऱ्ह्याचं नाव काढलं नाही! पाण्यात बुडून मेलेला गिऱ्हा होतो. रात्री मासे मागतो, वाट चुकवतो, खोल पाण्यात नेतो. आणि त्याचा केस हाताला लागला तर तो जन्मभर तुमची चाकरी करतो. भटजीच्या जानव्याला एक लांब काळा केस गुंडाळलेला आहे. एवढंच लिहा, कारण सांगू नका. वाचक रात्रभर विचार करेल.

आणि खांदेरीचा वेताळ विसरू नका. कोळी त्याला नवस बोलतात.

दापोलीची सई

हिरवा दिवा यांनी मरण म्हटलं म्हणून लिहिते. आमच्या घरात 'रामदास' बोटीची आठवण अजून काढतात. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आजीच्या नात्यातला एक मुलगा होता, तो सापडलाच नाही. देह नाही तर अग्नी कशाला देणार?

त्याला विधी आहे, पालाशविधी. पळसाची ३६० पानं देठांसकट घ्यायची आणि दर्भावर माणसाचा आकार मांडायचा. इतकी डोक्याला, इतकी छातीला, इतकी हातांना असं ठरलेलं आहे. डोक्याच्या जागी नारळ. मग त्या आकाराला अग्नी. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहा असंही सांगितलंय, पण बुडालेला नक्की कळलं असेल तर थांबत नाहीत. आजीने हे लहानपणी पाहिलं होतं. ती सांगायची, कोरडी पानं एकावर एक ठेवताना होणारा आवाज फार वाईट होता, कारण बाकी कुणी बोलत नव्हतं.

सावली, तुमच्या भटजीच्या गाठोड्यात पळसाची वाळलेली पानं असू द्या. वाटेत पळस कुठला मिळायला? म्हणून तो भरून घेऊन निघतो. गुराबीवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे की त्या गाठोड्यात काय आहे आणि ते कशासाठी आहे. लढाईच्या आदल्या रात्री भटजी पानं मोजतो. सगळे ऐकत असतात. बुडालेल्यासाठी हे करून देणारा गुराबीवर दुसरा कोणी नाही. ताईंच्या गाऱ्हाण्यात जिवंत माणसं परत मागितली जातात, आणि परत न येणारे भटजीच्या वाट्याला येतात.

गाबीतवाड्यातली

सई, ह्या मात्र पटला. पण सगळ्यांसाठी पळस नको. प्रत्येकाच्या जातीची रीत वेगळी असात, दालद्यांसाठी तर दुवाच. तुमच्या भटजीने ज्याची जी रीत असेल ती विचारून ठेवलेली असू दे, माणूस जिवंत असतानाच. "तुझा काय करूचा?" असा विचारणारो माणूस गुराबीर एक तरी लागता.

जुना रत्नागिरीकर

सईबाई, तुम्ही पालाशविधी काढलात म्हणून धर्मशास्त्रातली पुढची तरतूद सांगतो. कथालेखकाला ती सोन्यासारखी आहे. समजा विधी झाला आणि तो माणूस जिवंत परत आला, तर? त्याला घरात सरळ घेता येत नाही. तो मेलेला आहे. त्याला तुपाच्या कुंभात बुडवून काढायचं, आंघोळ घालायची, मग जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा. बारसं पुन्हा, मुंज पुन्हा. आणि स्वतःच्या बायकोशी लग्नही पुन्हा. तो नव्याने जन्मतो.

आता बघा. तुमचा नाखवा बेटावर गेला, भरती आली, बेट बुडालं. भटजीने पानं मांडली, अग्नी दिला. पुढच्या अमावस्येला नाखवा ओहोटीतून चालत परत आला. मेलेल्या माणसाचा हुकूम कोण मानणार? गुराब कुणाची? लुटीतला वाटा कुणाचा? जोवर भटजी त्याला पुन्हा जन्माला घालत नाही तोवर तो नाखवा नाही.

शिडाची सावली

काका, हे वाचून खुर्चीतून उठलो आणि अंगणात दोन फेऱ्या मारून आलो. गोष्टीचा उत्तरार्ध माझ्याकडे नव्हताच, तो तुम्ही दोघांनी दिलात. नाखव्याच्या जागेवर दुसरा बसलेला असणार, आणि त्याला भटजीने काहीच करू नये असं वाटणार. भटजीवर दबाव, लाच, धमकी. आत्तापर्यंत ज्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं त्याच्याकडे सगळे पाहायला लागतील.

अलिबागचा पांढरा कांदा

अख्खा नाखवा बुडेल एवढं तूप गुराबीवर आणणार कुठून? आमच्याकडे गणपतीच्या मोदकांना पुरत नाही!

हिरवा दिवा

तूप नसेल, पण तेल असेल. लाकडाला चोळायला मुशीच्या (शार्क माशाच्या) यकृताचं तेल होड्यांवर ठेवायचे. त्याचं पिंप निघेल एखादं.

जुना रत्नागिरीकर

मुशीच्या तेलात संस्कार? शास्त्रात बसत नाही. मी असा भटजी मानणार नाही.

गाबीतवाड्यातली

काका, शास्त्रात बसत नाय म्हणूनच तर गोष्ट! जमिनीवर असतो तर तूप मिळालं असतं. दर्यावर दर्याचंच तेल. भटजीला ते मनापासून खुपतंय आणि तरी तो करतोय, हे मला वाचायचं आहे. आणि माझी एक अट. भटजीने कितीही मंत्र म्हटले तरी शेवटी गाऱ्हाणं झालं पाहिजे. नवा जन्म झाला की नाही ते गुराबीवरच्यांच्या होकारावर ठरू दे. होकार आला नाही तर तो नुसता तेलात भिजलेला माणूस.

वसईची वाट

होकार देणाऱ्यांत माझा पाद्रीही असू द्या, एवढी विनंती. आमच्यातही पाण्यातून नवा जन्म आहेच, तो ओळखेल समोर काय चाललंय ते. घंटा त्याने वाजवावी.

मुंजाबा

आणि माझा प्रश्न कुणीच विचारत नाही. परत आला तो नाखवाच कशावरून? गिऱ्हा कशावरून नाही? भटजीने तेलात बुडवताना केस तपासले पाहिजेत.

शिडाची सावली

मुंजाबा!!! हे घेतलं. जानव्याच्या केसासकट घेतलं.

धोपटमार्ग

सगळं छान चाललंय, पण सावली, मूळ अट विसरू नका. तुम्हाला दुय्यम पात्र हवं होतं. या वेगाने भटजी नायक होईल आणि नाखवा त्याचा यजमान. अख्खं प्रकरण त्याला देऊ नका. त्याचं घर, बालपण, तो दर्यावर का आला, यातलं काहीही सांगायची गरज नाही. रत्नागिरीकरांना तो गावाने टाकलेला हवा आहे, सईंना नको आहे. तुम्ही ठरवूच नका. सुरुवातीला एका ओळीत गाठोडं दाखवा. मध्ये कुठेतरी तो एका खलाशाला तुझी रीत काय म्हणून विचारतो. लढाईच्या आदल्या रात्री पानं मोजतो. मग नाखव्याला अग्नी. या प्रत्येक वेळी तो दुसऱ्या कुणाच्या तरी प्रसंगात कडेला उभा आहे. तेलाच्या पिंपाशी येईपर्यंत वाचकाने त्याला नीट पाहिलेलंही नसावं, पण तो काय करू शकतो ते माहीत असावं. फ्लेचरसारखं एकच वाक्य त्याच्या तोंडी द्या, आणि ते तिथे द्या.

दापोलीची सई

धोपटमार्ग यांना अनुमोदन. फक्त पानं मोजण्याच्या प्रसंगात घाई करू नका. तिथे भाषा हळू चालू दे.

शिडाची सावली

पटलं. रात्री बसून तो प्रसंग लिहायला घेतला, थोडासा इथे टाकतो. नाखव्याचा विधी करायची वेळ आली आहे, किनारा दिसत नाही:

"भटजीने दर्भ पसरले. वारा पडला होता तरी पानं उडतील म्हणून दालद्यांच्या पोराने दोन्ही हातांचा आडोसा केला. आचमन झालं. भटजीने संकल्पाला सुरुवात केली, दंडकारण्ये देशे म्हणाला आणि थांबला. पूर्वेला पाहिलं, पश्चिमेला पाहिलं. सगळीकडे एकच पाणी. सुकाणूवरचा म्हातारा म्हणाला, काय झालं? भटजी म्हणाला, आपण कुठे आहोत?"

इथेच अडलोय. पुढे त्याने काय म्हणावं?

जुना रत्नागिरीकर

गोदावरीच म्हणेल. सवयीने. माणूस घाबरला की पाठ केलेलंच तोंडात येतं.

वसईची वाट

स्टीफन्सच्या पत्रातल्यासारखं करावं. सूर्य किती वर आलाय ते मोजून सांगावं.

गाबीतवाड्यातली

गुराबीचा नाव घेऊ दे. आमच्याकडे गाऱ्हाण्यात होडयेचा नाव घेतातच. ज्या फळ्यांवर उभे आहेत तेच त्यांचं गाव, तीच वेस. सुकाणूवरच्या म्हाताऱ्याने नाव सांगायचं, भटजीने संकल्पात घालायचं. संस्कृतात नीट बसलं नाही तरी चालेल.

जुना रत्नागिरीकर

सप्तमी विभक्ती लावली की बसतं. मी लावून देतो, नाव कळवा.

शिडाची सावली

ताई, काका, ठरलं. गुराबीला अजून नाव दिलेलं नाही, आता या संकल्पासाठी द्यावंच लागेल. दोन अक्षरी काही सुचवा. गणपती झाले की हे प्रकरण पुरं करून टाकतो.

हिरवा दिवा

नावं सुचवतोच. तोवर एक लिहून ठेवा: मुशीच्या तेलाचा वास अंगावरून कित्येक दिवस जात नाही. नाखवा जिवंत ठरल्यावर पुढच्या सगळ्या प्रकरणांत तो वास यायला हवा, जेवताना, झोपताना, हुकूम देताना. आणि गुराबीवर कुणीही त्याबद्दल बोलायचं नाही.